तीन निळ्या एकादशा

मार्गशीर्षातल्या दोन्ही एकादशांना आणि पौषातल्या पहिल्या एकादशीला सुनंदा पागनीस निळ्या पडल्या. मधल्या दिवसांत त्यांना साधी शिंकही आली नाही.

पहिल्या खेपेस दुपारचे दोन वाजले होते. ओट्याशी उभ्या असलेल्या सुनंदाबाईंचे ओठ जांभळट दिसले, तेव्हा सुधाकररावांनी थंडीला दोष दिला. उज्जैनला त्या आठवड्यात पारा बराच उतरला होता आणि फ्रीगंजमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन कधीच पोचत नसे. त्यांनी शाल आणून दिली. संध्याकाळपर्यंत ओठ पूर्ववत झाले आणि विषय मिटला. सुधाकररावांनी चौतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले होते; एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे वाक्य त्यांनी तेवढ्याच तुकड्यांना ऐकवले होते.

दुसऱ्या एकादशीला ओठांबरोबर नखेही निळी झाली, धाप लागली, आणि देवघरापासून पलंगापर्यंत चालताना सुनंदाबाईंनी दोनदा भिंतीचा आधार घेतला. रुग्णालयात बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्याने पंच्याऐंशी दाखवले. नाकावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. आकडा पंच्याऐंशीच राहिला. यंत्र बदलून पाहिले. दुसऱ्या यंत्रानेही पंच्याऐंशीच सांगितले. हृदयाचा आलेख निर्दोष होता, छातीचा एक्स-रे निर्दोष होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आपोआप सत्त्याण्णव झाला. कागदावर ‘अशक्तपणा, उपास टाळावेत’ असे लिहून त्यांना घरी पाठवण्यात आले.

समोरच्या घरातली शोभा भेटायला आली. टावर चौकाजवळ साड्यांना फॉल-बीडिंग लावून देण्याचे तिचे दुकान होते, आणि दुकानात ऐकलेले निम्मे उज्जैन ती पागनीसांकडे आणून ओतत असे.

“सर, मी बोलते ते खोटं मानू नका. तुमच्या घरात काहीतरी आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी इथून घरी गेले ना, तर माझं पण डोकं असं धरलं, पाय लटपटायला लागले. एकदम चक्कर.”

“शोभाताई, समोरच्याने जांभई दिली की आपल्यालाही येते. त्याला घरात काहीतरी असावं लागत नाही.”

“तुम्ही मजाकच करा. मग बरोबर एकादशीलाच का होतं? कालभैरवाला एकदा जाऊन यायला काय जातं तुमचं?”

“माझा एक दिवस जातो.”

पलंगावरून सुनंदाबाई हसल्या. “जाऊ दे गं शोभा. ह्यांच्यापुढे देव उभा राहिला, तर आधी त्याचं वजन किती ते विचारतील.”

एकादशीचा उपास सुनंदाबाई एक्केचाळीस वर्षे करीत होत्या. तो त्यांना त्यांच्या आईने लावून दिला होता. त्याच एक्केचाळीस वर्षांत सुधाकररावांनी उपासाचा एकही पदार्थ तोंडात घातला नव्हता. एकादशीला ते ठरवून पोळी-भाजी खात. साबुदाण्याच्या खिचडीचा घास घेतला तर एका अंधश्रद्धेला संमती दिल्यासारखे होईल, अशी त्यांची समजूत होती. सुनंदाबाई दोन वेगळे स्वयंपाक करीत आणि त्याबद्दल दोन वेगळी वाक्ये बोलत. एक देवापाशी, एक नवऱ्यापाशी.

तिसऱ्या खेपेस सुधाकरराव वर्तमानपत्र वाचत होते. आतून हाक आली नाही. भांडे पडल्याचा आवाज आला. सुनंदाबाई देवघरासमोर फरशीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा शाळेच्या पाटीच्या रंगाचा झाला होता.

“श्वास येतोय हो,” त्या म्हणाल्या, “पण पोचत नाहीये.”

रुग्णालयात पुन्हा तोच आकडा आला. पंच्याऐंशी. मास्कमधून ऑक्सिजन सूं-सूं करीत वाहत होता, छाती नीट वर-खाली होत होती, फुप्फुसांत हवा जात असल्याचे स्टेथोस्कोपने ऐकू येत होते, आणि सुनंदाबाईंचे डोळे मिटत चालले होते. सुधाकररावांनी जन्मभर आकड्यांवर विश्वास ठेवला होता. आकडा चुकीचा असू शकतो, यंत्र बिघडू शकते, हे ते जाणून होते. पण काहीही केले तरी तसूभर न हलणारा आकडा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. तापमान वाढवले की पारा चढतो, आम्ल ओतले की रंग बदलतो. जगात केलेल्या कृतीला काहीतरी उत्तर मिळते. इथे उत्तर मिळत नव्हते. पलंगाच्या कडेला उभ्या उभ्या, पाच-सात मिनिटांच्या अवधीत, सुधाकरराव पागनीसांनी कालभैरवाला नवस बोलला. त्यात नेमके काय कबूल केले, ते त्यांना नंतर आठवेना. त्यांनी ते कोणाला सांगितलेही नाही.

त्या दिवशी ड्यूटीवर अनय नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने सुनंदाबाईंच्या शिरेतून रक्त काढले आणि सिरिंज उजेडाकडे धरली. रक्त चॉकलेटच्या रंगाचे होते.

“सर, तुमचा हात द्या जरा.”

“माझा कशाला?”

“तुलनेसाठी. माझी आई तुमची विद्यार्थिनी होती. तुलनेशिवाय प्रयोग नाही, हे तिने आम्हाला वरणभाताबरोबर भरवलंय.”

त्याने सुधाकररावांच्या बोटाला सुई टोचली आणि गाळणकागदावर दोन थेंब शेजारी-शेजारी ठेवले. हवेत काही मिनिटे गेल्यावर सुधाकररावांचा थेंब लालभडक झाला. सुनंदाबाईंचा होता तसाच तपकिरी राहिला.

“मेथेमोग्लोबिन,” सुधाकरराव म्हणाले.

“तेच. रक्तातलं लोह बिघडलंय. ऑक्सिजन कितीही द्या, ते उचलून नेतच नाही. आणि अशा रक्तात हे यंत्र पंच्याऐंशीच्या आसपास अडकून बसतं. इंजेक्शन इंदूरहून मागवतो, दोन-अडीच तासांत येईल.”

इंजेक्शन आले. ते गडद निळे होते. शिरेतून ते गेल्यावर तासाभरात नखांना गुलाबी छटा आली आणि सुनंदाबाईंनी डोळे उघडून रिकामी सिरिंज पाहिली.

“निळी पडले म्हणून निळंच औषध? तुमच्या सायन्सला दुसरा रंग नाही मिळाला?”

सुधाकररावांना हसायचे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

इंदूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला: एक्केचाळीस टक्के. निरोगी रक्तात मेथेमोग्लोबिन शंभरात एकाच्या आसपास असते. अनयने सुधाकररावांना बाहेर बोलावले. “हे जन्मजात नाही. पोटात काहीतरी जातंय. नायट्राइट, रंगातलं एखादं रसायन, नाहीतर औषध. औषध त्या कुठलंच घेत नाहीत. दर वेळी जास्त होतंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सत्तरच्या वर गेलं तर इंजेक्शन यायची वाट बघायला माणूस उरत नाही. कारण शोधा, सर. पंधरा दिवसांत.”

पंधरा दिवसांनी पौष वद्य एकादशी होती.

“या वेळी उपास सोड,” घरी आल्यावर सुधाकरराव म्हणाले.

“नाही.”

“सुनंदा, प्रश्न जिवाचा आहे.”

“आईने लावून दिलेला आहे. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आईची बरणीही सापडली, तेव्हापासून वाटतं उपासाला तिचा हात लागलाय. आणि आता मी तो टाकू? तुम्ही कारण शोधा, मी उपास करते. आपापलं काम.”

सुधाकररावांनी आपले काम पद्धतशीरपणे सुरू केले. पाणी दोघे एकाच माठातले पीत, पाणी वगळले. दूध, चहा, साखर वगळली. इतर दिवशी पोटात न जाणारे आणि एकादशीला जाणारे पदार्थ त्यांनी वहीत लिहिले: साबुदाणा, दाण्याचा कूट, उपासासाठी वेगळे ठेवलेले जिरे, वेगळे ठेवलेले तूप, भगर, रताळे. सहा. साबुदाण्यावर त्यांचा पहिल्यापासून राग होता. इतका पांढरा पदार्थ कसलेतरी रसायन वापरल्याशिवाय होत नाही, असे ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आले होते. त्यांनी सहाही जिन्नस पिशव्यांत बंद केले, प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहिली, आणि दुसऱ्या दुकानातून सगळे नव्याने आणले. सुनंदाबाईंनी नवा साबुदाणा निमूटपणे डब्यात भरला. त्यामुळे येणारी एकादशी निर्धोक झाली, अशी सुधाकररावांची खात्री पटली. जुन्या पिशव्यांत नेमके काय आहे, एवढे सिद्ध करणे बाकी होते.

त्यासाठी लागणारी साधी कागदी पट्टी उज्जैनमध्ये एकाच माणसाकडे मिळण्याची शक्यता होती. भैरवगढ़ला माणिक छीपा कापडावर ठसे उमटवण्याचे काम करीत असे. त्याच्या काही लाल रंगांना सोडियम नायट्राइट लागते, आणि त्याचे प्रमाण तपासण्यासाठी स्टार्च-आयोडाइडची पट्टी कशी वापरावी, हे तीन वर्षांपूर्वी एका सुरक्षा-शिबिरात सुधाकररावांनीच त्याला शिकवले होते. नायट्राइट आणि सोबत थोडे आम्ल असले की पट्टी निळी होते.

पौष वद्य एकादशीला दुपारी बारा वाजता ते रिक्षाने भैरवगढ़ला निघाले. कालभैरवाच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांमुळे रस्ता तुंबला होता. पोचायला पाऊण तास लागला. माणिक ओल्या चादरी वाळत घालत होता.

“परणाम सर जी! एकादशी को भैरव बाबा को छोड़ के हमारे यहाँ?”

“बाबाचं नंतर बघू,” सुधाकरराव मराठीतच म्हणाले आणि मग हिंदीवर आले. “माणिक, वो पट्टी दे, जो नीली होती है।”

“पट्टी तो है। पर घर में क्या टेस्ट करोगे?” माणिकने बोलता बोलता फळीवरून डबी काढली. तिथे चहाचे सामान होते: साखर, पत्ती, मीठ. “देखो, आपके बाद से इस तख्ते पे रंग का कुछ नहीं रखता। कितना डाँटा था आपने! बोले थे, नमक के बाजू में नायट्राइट रखता है, दोनों सफेद, किसी दिन कोई मरेगा। पूरी थैली उठा ले गये थे।”

“मी नेली होती?”

“और कौन? मैंने बोला भी, सर जी, थैली फटी है, रस्ते में गिरेगी। आप बोले, घर जा के बरनी में डाल दूँगा।”

सुधाकररावांनी डबी हातात घेतली आणि ते तसेच उभे राहिले. त्यांना माळा आठवला. माळ्यावर जुन्या भांड्यांत पडलेली चिनी मातीची बरणी आठवली. तिच्या तळाशी दगडासारखे झालेले थोडे मीठ होते, ते त्यांनी उलथन्याने खरवडून मोरीत टाकले होते. बरणी धुतली, वाळवली, फाटक्या थैलीतले नायट्राइट तिच्यात ओतले आणि झाकण घट्ट लावले, कारण ते हवेतली ओल धरते. सोमवारी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे ठरवले होते. तो सोमवार आला नाही. लेबल लावले नव्हते. आत काय आहे, हे त्यांना ठाऊक होते.

खिचडीत मीठ पडते. उपासाला सैंधव. त्यांच्या वहीत सहा जिन्नस होते.

घड्याळात बारा वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. सुनंदाबाई पूजा आटोपून एक वाजता नैवेद्य दाखवीत आणि मग जेवत. सुधाकररावांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पूजेच्या वेळी फोन बाहेरच्या खोलीत उशीखाली असे. ते रिक्षात चढले तेव्हाही वाजत होती. गाडी दहा पावले गेली आणि एका बसमागे अडकली. त्यांनी शोभाला फोन केला.

“शोभाताई, दुकानात की घरी?”

“घरी. का हो?”

“आत्ताच्या आत्ता आमच्याकडे जा. सुनंदाला खिचडी खाऊ देऊ नका. एक घाससुद्धा नाही.”

“अरे देवा! पण कारण काय सांगू? ताई माझं ऐकतात का कधी?”

कारण सांगायला चार वाक्ये लागली असती, आणि चार वाक्ये शोभाने आधी उभ्यानेच ऐकून घेतली असती.

“सांगा, घरात काहीतरी आहे.”

“सर, हे तुम्ही म्हणताय?”

“मी म्हणतोय. पळा.”

पुढच्या चाळीस मिनिटांत सुधाकररावांनी एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला. दिवाळीला मूठभर सैंधव वर भरले गेले असणार. कार्तिकात चमचा वरच्या थरात गेला; काही झाले नाही. मार्गशीर्षात तो खाली पोचू लागला. तीन एकादशांत त्रास दर वेळी वाढत गेला, कारण चमचा दर वेळी तळाच्या अधिक जवळ जात होता. आज तो कुठे पोचला असेल? पुलावर चढताना त्यांच्या लक्षात आले, की आपण रिक्षाची समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली आहे आणि ती पुढे ढकलतो आहोत. रुग्णालयात वाटली ती भीती वेगळी होती. तिला कारण नव्हते. हिला होते, आणि त्याला नाव-गाव होते.

दार उघडे होते. सुनंदाबाई पाटावर बसल्या होत्या, चेहरा लाल, रागाने लाल. सुधाकररावांनी तो रंग आधी पाहून घेतला. समोर शोभा जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि खिचडीची ताटली तिने पोटाशी धरली होती.

“बघा हिचं!” सुनंदाबाई म्हणाल्या. “नैवेद्य दाखवून घास उचलला, तर धावत आली आणि ताट हिसकावलं. वर म्हणते, सरांनी सांगितलंय, भूत आहे!”

“भूत नाही म्हटलं मी. ‘काहीतरी’ म्हटलं.”

“घास खाल्लास?” सुधाकररावांनी विचारले.

“खाऊ देते का ही?”

“करताना चव बघितलीस?”

“नैवेद्याआधी चाखतात का कधी?”

सुधाकरराव खाली बसले. त्यांनी डबीतली पट्टी काढून खिचडीत टेकवली. खिचडीवर लिंबू पिळलेले होते, त्यामुळे दुसरे आम्ल लागले नाही. पट्टी लगेच निळी झाली, मग जवळजवळ काळी.

“पुन्हा निळा,” शोभा पुटपुटली.

“शोभाताई, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या एकादशीला तुम्ही इथे खिचडी खाल्ली होती?”

“वाटीभर. ताईंनी आग्रह केला. सांगितलं नाही का मी, डोकं धरलं म्हणून?”

“सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही.” त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिले. “बरणी कुठाय?”

बरणी उपासाच्या फळीवर, सगळ्यांच्या मागे होती. आत तीन बोटे पांढरे, किंचित पिवळसर खडे उरले होते. सुधाकररावांनी ते पाहिले आणि झाकण लावले.

“ते सैंधव आहे,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तळचं आईचं आहे. बरणी मिळाली तेव्हा आत तीन-चार बोटं होतं. मिठाची बरणी कधी रिकामी करायची नसते, म्हणून तसंच राहू दिलं आणि वरून नवं भरलं. आजच पहिल्यांदा तळचं निघालं, आईच्या हातचं. म्हणून जरा जास्तच घातलं.”

“ते आईचं मीठ नाही.”

“मग?”

“आईचं मी फेकलं. तीन वर्षं झाली. हे रंगाचं रसायन आहे, भैरवगढ़हून मीच आणलेलं. बरणी रिकामी करून मी त्यात भरलं.”

शोभाने ताटली हळूच मागे सरकवली.

“कुठे फेकलंत?”

“मोरीत.”

“मला न विचारता?”

“हो.”

सुनंदाबाईंनी विषाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. उठून त्या देवघरापाशी गेल्या आणि दिव्यात तेल आहे की नाही ते पाहून परत आल्या. “रताळी उकडलेली आहेत,” त्या शोभाला म्हणाल्या. “त्यांना मीठ लागत नाही. तू पण घे.” मग, नवऱ्याकडे न पाहता, “तुम्ही घेणार?”

सुधाकररावांनी एक रताळे घेतले.

संध्याकाळी अनयने फोन करून केसपेपरसाठी कारण मागितले. सुधाकरराव टेबलाशी बसले आणि त्यांनी कागदावर लिहिले:

‘रुग्णास सोडियम नायट्राइटची विषबाधा झाली. हे रसायन सुधाकर पागनीस यांनी तीन वर्षांपूर्वी भैरवगढ़ येथील कारखान्यातून, तेथे ते मिठाशेजारी ठेवणे धोक्याचे आहे म्हणून, स्वतः घरी आणले आणि मिठाच्या बरणीत ठेवले. घरच्या रिवाजानुसार बरणी रिकामी न करता तिच्यात वरून उपासाचे सैंधव भरण्यात आले. उपासाचे मीठ एकादशीलाच वापरले जात असल्यामुळे त्रास एकादशीलाच झाला. घरातील दुसरी व्यक्ती उपासाचे पदार्थ खात नसल्यामुळे तिला त्रास झाला नाही. शेजारील एका व्यक्तीस सौम्य त्रास झाला; तिने तो सांगितला होता, परंतु त्याची दखल घेतली गेली नाही. बरणीवर लेबल नव्हते. ते लावणे हे सुधाकर पागनीस यांचे काम होते.’